उजेड कुठून येतो?

मराठीत चित्रपटांवर भरपूर लिहिलं जातं. कथेवर, अभिनयावर, संगीतावर, नटनट्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या आयुष्यावर कपाट भरेल एवढी पुस्तकं आहेत. पडद्यावर जे प्रत्यक्ष उमटतं, त्या प्रतिमेच्या वाट्याला मात्र परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदातलं अर्धं वाक्य येतं : छायालेखन नेत्रसुखद आहे. डोंगर आणि धुकं असेल तर कौतुक जरा वाढतं. पण कोंदट खोलीत दोन माणसं नुसती बोलत असतात, तेव्हाही दिवा कुठे ठेवायचा, मागची भिंत किती काळोखी राहू द्यायची, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत चमक आणायची की ते विझलेले दिसू द्यायचे, हे कोणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याबद्दल हे पुस्तक आहे. त्यातले लेख आणि मुलाखती जमवताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवला : या दृश्यात उजेड कुठून येतो, आणि तिथूनच का?

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे कळायला थोडं तंत्र समजून घ्यावं लागतं. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स एवढा प्रकाश असतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो शे-दोनशेवर येतो आणि मेणबत्तीपासून फूटभर अंतरावर दहाच्या आसपास. आपला डोळा या सगळ्याशी इतक्या सहज जुळवून घेतो, की फरक आपल्या लक्षातही येत नाही. फिल्मला किंवा सेन्सरला हे जमत नाही. दारात उभ्या माणसाच्या मागे ऊन असेल, तर एक तर अंगण पांढरंफटक पडेल नाहीतर माणूस काळा दिसेल. दोन्ही हवं असेल तर आतला उजेड वाढवावा लागतो, बाहेरचा अडवावा लागतो, किंवा माणूस काळाच दिसणं हाच प्रसंगाचा अर्थ आहे असं ठरवावं लागतं. कॅमेरामनचं निम्मं काम इथे होतं. उरलेलं भिंगाची निवड, चौकट आणि कॅमेऱ्याची हालचाल यांत. सेकंदाला २४ चित्रं, आणि १८० अंशांच्या शटरमुळे प्रत्येक चित्राला मिळणारा एक अठ्ठेचाळीसांश सेकंद : या ठरलेल्या मापात सगळं बसवायचं असतं. त्यातही आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबलाइटखाली शूटिंग करताना प्रतिमा लुकलुकू नये म्हणून आपला कॅमेरामन शटर १७२.८ अंशांवर आणतो. अमेरिकेत हा आकडा वेगळा असतो. कला आणि देशाची वीजपुरवठा यंत्रणा इतक्या जवळ नांदतात.

लुमिएर बंधूंची चलच्चित्रं पॅरिसनंतर सात महिन्यांच्या आत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. ती पाहून भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा मूळचे फोटोग्राफर. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. आपल्या चित्रपटाची सुरुवात अशी फोटोग्राफरच्या हातून झाली. दादासाहेब फाळके यांचंही तेच. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, शिळाछाप असा त्यांचा प्रवास प्रतिमेच्या वाटेनंच झाला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. अनेक दिवस थोडी थोडी फिल्म फिरवून त्यांनी काही क्षणांत कोंब फुटताना दाखवला. पैसे गुंतवणाऱ्याला विश्वास वाटला तो या करामतीमुळे. भारतातल्या पहिल्या कथापटाचं भांडवल गोष्ट ऐकवून मिळालेलं नाही, कॅमेऱ्यानं काय करता येतं ते दाखवून मिळालेलं आहे. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

‘राजा हरिश्चंद्र’ या त्या पहिल्या कथापटाचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. चित्रण दादरमध्ये, सूर्यप्रकाशात. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं हाताळायच्या, युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, म्हणजे परावर्तित उजेड नटांच्या चेहऱ्यावर पडेल. आजच्या सेटवर हे काम रिफ्लेक्टर आणि थर्माकोलचे पांढरे तक्ते करतात. आपल्या छायालेखनाची कथा सांगायची तर ती या चादरीपासून सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं. आपल्याला उजेड कधीच कमी नव्हता. जास्त होता, आणि तो डोक्यावरून सरळ खाली कोसळणारा होता. त्याला वळवायचं कसं, मऊ कसं करायचं, हा इथला मूळ प्रश्न आहे. युरोपात ढगाळ आकाशाखाली काम करणाऱ्या कॅमेरामनला हा प्रश्न इतक्या तीव्रतेनं पडलाच नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्याकडे हा उजेडाचा प्रश्न चित्रकाराच्या नजरेतून हाताळला गेला. रंगभूमीचे पडदे रंगवणारा हा माणूस. कॅमेरा विकत घेणं परवडेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घडवला. ‘सैरंध्री’ त्यातूनच आला. महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे सगळे तयार झाले आणि १९२९ साली ‘प्रभात’ उभी राहिली. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) चंद्रमोहनच्या डोळ्याचं पडदाभर दिसणारं चित्रण आजही अंगावर येतं. लांब पल्ल्याचं भिंग तिथे भीती निर्माण करण्यासाठी वापरलं आहे, निव्वळ जवळून दाखवण्यासाठी नाही. दोनच वर्षांनी आलेला ‘संत तुकाराम’ याच्या अगदी उलट. व्ही. अवधूत यांनी त्यात उजेड इतका साधा, समतल ठेवला आहे की तो कोणी योजला असेल असं वाटतच नाही. तुकारामांची बायको रंगवणाऱ्या गौरीच्या चेहऱ्यावर नायिकेचा म्हणून वेगळा दिवा नाही. विष्णुपंत पागनिसांवर संताचं तेज म्हणून मागून झळाळी सोडण्याचा मोह जवळजवळ सर्वत्र टाळला आहे. म्हणून त्यातले चमत्कार खरे वाटतात. या संयमाला आपल्या समीक्षेनं पुरेसं श्रेय दिलेलं नाही. १९३७ साली व्हेनिसमध्ये या चित्रपटाचा गौरव झाला तेव्हा तो तुकारामांच्या भक्तीचा होता तसा या नजरेचाही होता.

त्याच काळात मुंबईत दुसरं घराणं रुजत होतं. बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले जोसेफ विर्शिंग जर्मन परंपरेत वाढलेले. काळोख हा प्रतिमेचा भाग आहे, तो भरून काढायची जागा नाही, हे त्या परंपरेचं सार. कार्ल फ्रॉइंडनं ‘द लास्ट लाफ’मध्ये (१९२४) कॅमेरा तिपाईवरून सोडवून चालता केला होता. विर्शिंग यांनी ‘अछूत कन्या’ चित्रित केला, पुढे ‘महल’ (१९४९) हा सावल्यांचा चित्रपट केला, आणि ‘पाकीझा’चं काम चालू असतानाच १९६७ मध्ये ते वारले. हिटलरच्या काळात जर्मनीतून त्या शैलीची अनेक माणसं अमेरिकेत गेली आणि तिथल्या गुन्हेपटांना त्यांनी काळं अंग दिलं. एक शाखा बॉम्बे टॉकीजमुळे मालाडला आली, हे आपल्या इतिहासातलं सुदैव.

जगातली बाकीची घराणी नवख्या वाचकाला थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या पानांत त्यांची नावं वारंवार येतील. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मुख्य दिवा, सावली हलकी करणारा दिवा आणि पाठीमागचा दिवा अशी तीन दिव्यांची पद्धत पक्की केली. चेहरा सुंदर आणि पार्श्वभूमीपासून सुटा दिसावा ही तिची इच्छा. ग्रेग टोलंडनं ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट ठेवून प्रेक्षकालाच कुठे पाहायचं ते निवडू दिलं. युद्धानंतर इटालियन मंडळी रस्त्यावर उतरली. फ्रान्समध्ये राऊल कुतार यानं हातात कॅमेरा घेऊन, खोलीत आहे त्या उजेडात ‘ब्रेथलेस’ (१९६०) टिपला. जपानच्या काझुओ मियागावानं ‘राशोमोन’साठी जंगलात आरशांनी ऊन आत वळवलं आणि कॅमेरा थेट सूर्यावर रोखला. पुढे अमेरिकेत गॉर्डन विलिस यानं ‘द गॉडफादर’मध्ये डोक्यावरून उजेड सोडून ब्रँडोचे डोळे सावलीत बुडवले. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, प्रश्न तोच.

आता दोन माणसांपाशी जरा थांबतो, कारण या पुस्तकाचा कणा ती आहेत.

सुब्रत मित्र ‘पथेर पांचाली’ला उभे राहिले तेव्हा त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा कधी हाताळला नव्हता. वय जेमतेम विशीच्या पुढे. ज्याँ रन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ करत असताना हा मुलगा तिथे जाऊन नुसता बघत असे आणि वहीत टिपणं करत असे. ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारायचं ठरलं, कारण पावसाची धास्ती होती. मित्र यांचा विरोध होता. वर आकाश उघडं असलेल्या जुन्या वाड्याच्या अंगणात जो बिनसावलीचा उजेड पाझरतो, तो स्टुडिओच्या दिव्यांनी कसा आणणार? कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त आणि दिग्दर्शक सत्यजित राय ठाम राहिले. मग मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणून बसवलं, दिवे खालून त्या कापडावर सोडले, आणि कापडावरून परतलेला उजेड खाली येऊ दिला. पडद्यावर पाहणाऱ्याला ते बनारसचं खरं घर वाटलं. युरोपात ही पद्धत रूढ व्हायला अजून काही वर्षं होती. सरस्वतीबाईंच्या चादरीचाच हा वंश आहे, फक्त इथे सूर्याच्या जागी दिवा आहे आणि चादर आकाशाच्या जागी गेली आहे. या पद्धतीमुळे एक नैतिक फरकही पडला असं मी मानतो. उजेड जर आकाशातून येत असेल, तर तो चित्रपटातल्या आईवर, सर्वजयावर, आणि तिच्या घरातल्या पितळी भांड्यावर सारखाच पडतो. नायिकेसाठी खास दिवा लावण्याची सोयच उरत नाही.

व्ही. के. मूर्ती म्हैसूरचे, बंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले. ‘बाझी’मध्ये सहायक म्हणून त्यांनी केलेलं काम गुरुदत्तना आवडलं आणि ‘जाल’पासून (१९५२) ते त्यांचे कॅमेरामन झाले. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आडव्या, रुंद चौकटीत दोन माणसं एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे त्यात प्रथम दिसलं. रिकाम्या स्टुडिओत छतातून उतरणारा उजेडाचा झोत, त्यात गुरुदत्त आणि वहिदा रेहमान, गीता दत्तचा आवाज : हे दृश्य बहुतेकांच्या लक्षात आहे. तो झोत दिव्याचा नाही. दिव्याचे किरण पसरत जातात, सूर्याचे समांतर येतात, आणि गुरुदत्तना तीच समांतर धार हवी होती. मूर्तींनी मोठे आरसे वापरले. एकानं बाहेरचं ऊन पकडून आत पाठवलं, दुसऱ्यानं ते वरून खाली वळवलं. सूर्य सरकेल तसा आरसा सरकवायचा. चित्रपट त्या वेळी पडला. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. पुरस्कार १९६९ पासून दिला जात होता हे लक्षात घेतलं, तर आपण या कलेला किती उशिरा नमस्कार केला ते समजतं.

मित्र आणि मूर्ती यांना वास्तववादी विरुद्ध रोमँटिक अशा दोन खणांत ठेवण्याची प्रथा आहे. ती मला पटत नाही. दोघांनीही थेट दिव्यावर अविश्वास दाखवला आणि उजेड कशावर तरी आपटवून, वळवून आणला. एकानं तो पसरवला, दुसऱ्यानं त्याची धार केली.

तारे-तारकांचा सिनेमा याच वेळी आपली दिव्यांची पद्धत परिपूर्ण करत होता. राधू कर्माकर यांचं ‘आवारा’मधलं स्वप्न, फरेदून इराणी यांची ‘मदर इंडिया’तली माती आणि आग, आर. डी. माथूर यांचा ‘मुगल-ए-आझम’मधला शीशमहाल ही त्या घराण्याची शिखरं. तिथे हजारो काचांत एकच नर्तकी दिसायला हवी आणि एकाही काचेत कॅमेरा किंवा दिवा दिसायला नको. हे कौशल्य अफाट आहे. पण त्याच घराण्यानं गोरा चेहरा हे प्रमाण मानलं आणि सावळ्या कातडीला उजेड कसा द्यायचा हे शिकायला आपल्याला पुढची कित्येक दशकं लागली. या मुद्द्याकडे परत येतो.

१९६० मध्ये पुण्यात प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. अवधूत यांनी जिथे दिवे लावले, त्याच स्टेजवर के. के. महाजन यांच्यासारखे विद्यार्थी शिकले. ‘भुवन शोम’ (१९६९) आणि ‘उसकी रोटी’ (१९७०) ही महाजन यांची सुरुवात. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’त २८ आणि १३५ मिलिमीटर अशी दोनच भिंगं वापरली आहेत. भिंग हा विचार होऊ शकतो, हे इतक्या स्पष्टपणे आपल्याकडे आधी कोणी मांडलं नव्हतं. मूर्तींचे शिष्य गोविंद निहलानी यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासून सुरुवात करून श्याम बेनेगलांसोबत ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’ केले. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेल्या ‘भूमिका’त (१९७७) कृष्णधवल आणि रंगीत, वेगवेगळ्या जातींची फिल्म वापरून त्यांनी नायिकेच्या आयुष्यातले काळ प्रतिमेच्या पोतावरून ओळखू येतील असे केले.

दक्षिणेचा विचार केल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. मार्कस बार्टली यांनी ‘मायाबझार’ आणि ‘चेम्मीन’ केले. बालू महेंद्र यांनी नैसर्गिक उजेडाचा हट्ट धरला. पी. सी. श्रीराम यांनी ‘नायकन’मध्ये (१९८७) धारावीच्या कथेला खोल सावल्या दिल्या आणि मुख्य धारेतल्या चित्रपटाचा चेहराच बदलला. संतोष शिवन त्याच्या पुढचे. दक्षिणेतच, मद्रासमध्ये, बी. आर. विजयालक्ष्मी १९८०च्या दशकात कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. सरस्वतीबाईंनंतर सत्तर वर्षांनी एका बाईच्या हाती प्रत्यक्ष कॅमेरा आला. अंजुली शुक्ला यांना ‘कुट्टी स्रांक’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आज छायालेखिकांची स्वतःची संघटना आहे. संख्या अजून फार थोडी आहे.

हे सगळं आत्ताच का सांगायचं? कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या कलेची जमीनच बदलली. मुंबईच्या गल्ल्यांत लहान डिजिटल कॅमेरे घेऊन फिरलेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या छायालेखनाला ऑस्कर मिळालं. २०१० मध्ये अलेक्सा कॅमेरा आला आणि फिल्मची रिळं हळूहळू सेटवरून गेली. आता अगदी कमी उजेडातही चित्र येतं. त्यामुळे उजेड शोधण्याची सक्ती उरली नाही. नुसतं दिसतं आहे म्हणजे झालं, असं वाटण्याचा धोका इथे आहे. दुसरीकडे, पूर्वी कॅमेरामनचा निर्णय निगेटिव्हमध्ये कोरला जायचा. आता रंगसंस्काराच्या खोलीत, ज्याला सगळे डीआय म्हणतात, तिथे शेवटचा निर्णय होतो, आणि अनेकदा कॅमेरामनला त्या खोलीत बोलावलंही जात नाही. घरच्या टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय तर २४ चित्रांचा तालच पुसून टाकते.

याच काळात मराठी चित्रपटानं मात्र नजर कमावली आहे. सुधीर पळसाने यांची ‘विहीर’, कोकणातल्या पावसाला मुलाच्या एकटेपणाशी जोडणारा अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’, मृणाल देसाई यांच्या स्थिर, दुरून पाहणाऱ्या चौकटींचा ‘कोर्ट’ ही उदाहरणं कुठल्याही देशाच्या छायालेखनाशेजारी ठेवता येतील. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम ‘फँड्री’त (२०१३) झालं. विक्रम अमलादी यांनी त्यातल्या जब्या या मुलाच्या सावळ्या चेहऱ्याला उजळवलं नाही आणि दीनवाणंही केलं नाही. माळरानावरचं कोरडं ऊन त्या कातडीवर जसं पडतं तसं पडू दिलं. पुढे ‘सैराट’मध्ये सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी तशाच चेहऱ्यांना संध्याकाळचं सोनेरी ऊन दिलं, जे तोवर हिंदी सिनेमातल्या गोऱ्या प्रेमिकांसाठी राखीव होतं. कोणाच्या चेहऱ्यावर कोणता उजेड पडतो हा आपल्या समाजात जातीचाही प्रश्न आहे. छायालेखनाची चर्चा फक्त तांत्रिक मानणाऱ्यांनी हे दोन चित्रपट पुन्हा पाहावेत.

आणि जुनं हातातून निसटतं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची सगळी रिळं आज उरलेली नाहीत. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटच्या पुष्कळ जुन्या फिल्म नष्ट झाल्या. जे उरलं त्याच्या पुनरुज्जीवनात एक नाजूक प्रश्न असतो : मूळ रंग आणि मूळ काळोख कोणता, हे कोण सांगणार? ‘मंथन’ची नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा ती तयार होताना निहलानी स्वतः सोबत होते. बहुतेक चित्रपटांना हे भाग्य नाही. कॅमेरामन गेल्यावर त्याच्या निर्णयांची लेखी नोंदही सापडत नाही. म्हणून या पुस्तकात मुलाखतींना एवढी जागा दिली आहे. त्यांत लाइटमन, फोकस पुलर आणि रंगसंस्कार करणारे तंत्रज्ञही बोलतात, कारण कापड ताणणारे आणि आरसा सरकवणारे हात त्यांचे असतात.

पुस्तक कॅमेरा चालवायला शिकवत नाही. ॲनिमेशन, संगणकी दृश्यपरिणाम आणि माहितीपट यांना त्यात जागा नाही, त्यांना स्वतंत्र पुस्तकं हवीत. लेखांचा क्रम काळानुसार नसून उजेडाच्या प्रकारांनुसार आहे : ऊन, दिवा, परावर्तन, काळोख, रंग. त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येईल. पारिभाषिक शब्द सेटवर बोलले जातात तसेच ठेवले आहेत. एक विनंती मात्र आहे. लेखात ज्या चित्रपटाची चर्चा असेल तो आधी पाहावा, शक्यतो मोठ्या पडद्यावर, आणि निवडलेलं दृश्य दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावं.